गाडीला ‘भारत’ नंबर, आणि बाईला?

मागच्या पावसाळ्यात आमच्या सल्ला केंद्रावर एक बाई आली. केंद्र छावणीला लागून असलेल्या वस्तीत आहे, त्यामुळे फौजी घरांतल्या बायका अधूनमधून येतात. तक्रारी बहुतेक ठरलेल्या असतात. दारू, मारहाण, पगार हातात न देणं, बायकोला गावी टाकून ठेवणं. या बाईची अशी काही तक्रार नव्हती. तिनं पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “ताई, यातला कुठला कागद कमी आहे, तेवढं मला सांगा.”

मी एकेक कागद पाहिला. बारावीची गुणपत्रिका, जीएनएमचं प्रमाणपत्र, नर्सिंग परिषदेची नोंदणी, तीन वर्षं अतिदक्षता विभागात काम केल्याचा दाखला, लग्नाचा दाखला, नाव बदलल्याचं शपथपत्र, नवऱ्याच्या बदलीचे हुकूम. एकही कागद कमी नव्हता. तरी ही शिकलेली, अनुभवी नर्स सहा वर्षं नर्स म्हणून कामावर नव्हती.

तिची ओळख लपवण्यासाठी काही तपशील मी बदलले आहेत. हकीगत मात्र तिचीच आहे. बाई सातारा जिल्ह्यातली, नवरा सैन्यात नायक. लग्नानंतर आठ वर्षांत तीन राज्यं झाली, आणि मधली दोन वर्षं तो सीमेवर आणि ती सासरी. पहिल्यांदा क्वार्टर मिळालं ते उत्तरेकडच्या एका राज्यात. तिनं आठवड्याभरात तिथल्या नर्सिंग परिषदेकडे अर्ज केला. उत्तर आलं, आधी मूळ राज्याच्या परिषदेकडून पडताळणीचं पत्र आणि ना-हरकत दाखला आणा. तोही तुमच्या हातून चालणार नाही, कचेरीतून कचेरीत आला पाहिजे. मग फी. मग एका कागदावर माहेरचं नाव आणि दुसऱ्यावर सासरचं, म्हणून पुन्हा शपथपत्र. मग साहेब रजेवर. नोंदणी हातात पडली ती चौदाव्या महिन्यात. सतराव्या महिन्यात नवऱ्याची बदली झाली.

या चौदा महिन्यांत ती घरी बसली नव्हती. जवळच्या एका नर्सिंग होमनं तिला सांगितलं, “नोंदणी नाही, तेव्हा नर्स म्हणून ठेवता येणार नाही. मदतनीस म्हणून या.” मदतनीस म्हणून तिनं सलाईन लावली, इंजेक्शनं दिली, रात्रपाळ्या केल्या, नव्या मुलींना शिकवलं. पगार निम्मा. सोडताना दाखला मागितला, तर त्यावरही ‘मदतनीस’. म्हणजे ज्या परिषदेनं रुग्णाच्या सुरक्षेसाठी तिला थांबवून ठेवलं, तिच्या नाकासमोर ती रुग्णांची सेवा करतच होती. फरक एवढाच की मालकाचे निम्मे पैसे वाचले आणि तिचा अनुभव कागदावरून पुसला गेला.

निघताना तिनं फाटकाबाहेर उभी केलेली गाडी दाखवली. कर्ज काढून घेतलेली लहानशी चारचाकी, पाटीवर ‘बीएच’ ही अक्षरं. “हा भारत नंबर,” ती म्हणाली. “कुठल्याही राज्यात बदली झाली तरी गाडीची पुन्हा नोंदणी करावी लागत नाही. साहेबांनी सांगितलं म्हणून आम्ही हाच घेतला.” आणि मग हसून म्हणाली, “माझ्यापेक्षा गाडीचं बरं आहे, ताई.”

ते वाक्य मी तेव्हापासून डोक्यात घेऊन फिरते आहे.

सरकारला अडचण कळते, पण कुणाची?

मोटार वाहन कायद्याप्रमाणे एका राज्यातली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली, तर तिथं नव्यानं नोंदणी करावी लागते. सैनिकांची आणि बदलीच्या नोकरीतल्या माणसांची यात फार परवड होत असे. ना-हरकत दाखला, रस्ता कराचा परतावा, पुन्हा कर. सरकारला ही अडचण कळली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अधिसूचना निघाली, सप्टेंबरमध्ये ‘भारत मालिका’ सुरू झाली. संरक्षण दलातले कर्मचारी, केंद्र आणि राज्य सरकारचे नोकर, सार्वजनिक उपक्रमातले लोक, चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खाजगी कंपन्यांचे नोकर, या सगळ्यांच्या गाड्यांना देशभर चालणारा नंबर मिळाला.

चांगलं झालं. आमची त्याला हरकत नाही. प्रश्न असा आहे, की पुरुषाची बदली झाली की त्याच्याबरोबर काय काय हलतं, हे मोजताना सरकारला गाडी आठवली. बायको आठवली नाही. म्हणजे बायको हलते हे ठाऊक आहे. तिच्यासाठी रेल्वेचा वॉरंट आहे, सामानाचा भत्ता आहे, क्वार्टर आहे. पण ती येताना तिच्याबरोबर एक धंदा, एक शिक्षण, एक नोंदणी क्रमांकही येतो, हे कुणाच्या ध्यानीमनी नाही. नवऱ्याचं बिऱ्हाड हलतं, आणि बाई त्या बिऱ्हाडातलं एक सामान.

वाहन चालवण्याचा परवाना साताऱ्यात काढला तर गुवाहाटीत चालतो. माणसं चिरडण्याची शक्यता असलेलं यंत्र चालवायला एक परवाना देशभर पुरतो. माणसं वाचवायला मात्र पुरत नाही.

कायदा काय म्हणतो आणि खिडकीवर काय होतं

कुणी म्हणेल, प्रत्येक राज्याचा दर्जा वेगळा, म्हणून नोंदणी वेगळी. हे खरं नाही. भारतीय नर्सिंग परिषदेचा कायदा १९४७ सालचा. त्याचं अकरावं कलम स्पष्ट सांगत होतं, की मान्यताप्राप्त पात्रता असेल तर ती कोणत्याही राज्याच्या नोंदवहीत नाव घालायला पुरेशी आहे. अभ्यासक्रम देशभर एकाच परिषदेनं ठरवलेला. म्हणजे स्वातंत्र्याच्या वर्षीच कायद्यानं तत्त्व मान्य केलं होतं. खोळंबा तत्त्वाचा नाही, खिडकीचा आहे. पडताळणीचं पत्र किती दिवसांत पाठवायचं, अर्ज किती दिवसांत निकाली काढायचा, तोवर बाईनं काय करायचं, याचा धाक कुणालाच नाही.

पडताळणी अवघड आहे असंही आता म्हणता येत नाही. नर्सेसची संगणकावरची राष्ट्रीय नोंदवही आहे, आधारशी जोडलेला एकमेव ओळख क्रमांक आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेनं राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा संमत केला, त्यात राष्ट्रीय आणि राज्य अशा दोन्ही नोंदवह्यांची तरतूद आहे. एका बटणावर जी माहिती दिसू शकते, तिच्यासाठी बाईनं चौदा महिने का थांबायचं?

वकिलांचं पाहा. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याचं अठरावं कलम म्हणतं, एका राज्याच्या पटावरचं नाव दुसऱ्या राज्याच्या पटावर कोणतीही फी न घेता हलवलं जाईल. साठ वर्षांहून जुनं कलम. काळे कोट घालणाऱ्यांनी स्वतःपुरती ही सोय कायद्यात लिहून ठेवली, कारण तेव्हा संसदेत आणि बार कौन्सिलांत वकील होते. नर्सेस किती होत्या? ज्या धंद्यात बायकाच बायका, तिथली दारं अरुंद, हा काही योगायोग नाही.

शिक्षिकांची तऱ्हा आणखी निराळी. शिक्षण हक्क कायद्यानंतर २०१० पासून पहिली ते आठवीच्या शिक्षकांना पात्रता परीक्षा आली. केंद्राची सीटीईटी २०११ मध्ये सुरू झाली. ती केंद्रीय विद्यालयांत, नवोदय विद्यालयांत चालते. राज्य सरकारच्या शाळांत ती चालवायची की नाही, हे त्या त्या राज्याच्या मर्जीवर. आणि एका राज्याची टीईटी दुसऱ्या राज्याच्या भरतीत सहसा उपयोगाची नसते. त्यात अनेक राज्यांच्या भरतीत अधिवासाचा दाखला मागतात. महाराष्ट्रात अधिवासासाठी सर्वसाधारणपणे पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. जिचं आयुष्य दर तीन वर्षांनी ट्रंकेत भरलं जातं, तिनं सलग पंधरा वर्षांचा पुरावा कुठून आणायचा? सरकारी नोकरीसाठी निवासाची अट घालण्याचा अधिकार घटनेच्या कलम १६(३) नं फक्त संसदेला दिला आहे, राज्यांना नाही. १९५७ मध्ये संसदेनं अशा अटी काढून टाकणारा कायदाही केला होता. तरीही अट मागच्या दारानं येत राहते.

मग फौजी शिक्षिका काय करते? छावणीतल्या शाळेत ठरावीक मुदतीची नेमणूक, नाहीतर केंद्रीय विद्यालयात उन्हाळ्याच्या आधी मुलाखत देऊन मिळणारी वर्षाची कंत्राटी जागा. दर बदलीला पुन्हा तळापासून सुरुवात. वीस वर्षं शिकवूनही निवृत्तिवेतन नाही, सेवाज्येष्ठता नाही.

आणि जिला राज्य सरकारची नोकरी आहे तिचं काय? पतिपत्नीला एका ठिकाणी नेमण्याचं केंद्राचं धोरण आहे. १९८६ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये त्याचे आदेश निघाले. दोघंही केंद्राचे नोकर असतील तर त्याचा काही उपयोग होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका मात्र जम्मूला बदलून जाऊ शकत नाही. आपल्याकडे शिक्षकांच्या बदल्यांत जवानांच्या पत्नींचा विशेष संवर्ग आहे. म्हणजे अडचण मान्य आहे. पण राज्याची हद्द आली की ती संपते. पुढे बिनपगारी रजा, नाहीतर राजीनामा. बहुतेक घरांत कुणाचा राजीनामा लिहिला जातो हे मैत्रिणींना सांगायला नको.

लग्नाची शिक्षा

सेलिना जॉन यांचा खटला आपल्यातल्या पुष्कळजणींना आठवत असेल. त्या लष्करी परिचर्या सेवेत होत्या. १९८८ मध्ये त्यांनी एका लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि लग्न केलं या कारणानं त्यांना सेवेतून काढून टाकण्यात आलं. १९७७ सालचा तसा लष्करी आदेशच होता, तो १९९५ मध्ये मागे घेतला गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा नियम उघड मनमानी आणि स्त्रियांविरुद्ध भेदभाव करणारा ठरवला आणि त्यांना साठ लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम केला. नोकरी गेली तेव्हा त्या तरुण होत्या. न्याय मिळाला तो छत्तीस वर्षांनी.

तो नियम उघड होता म्हणून त्याच्याशी भांडता आलं. लग्न केलंस, नोकरी सोड, असं त्यात काळ्यावर पांढरं लिहिलं होतं. आजच्या व्यवस्थेत असं कुठंही लिहिलेलं नाही. लिहिलंय ते एवढंच: ‘पडताळणी प्रलंबित’, ‘अर्ज अपूर्ण’, ‘पुढील बैठकीत’. पण परिणाम तोच. नवऱ्याच्या बदलीबरोबर बाईची नोकरी जाते. कुणीही तिला काढून टाकलेलं नसतं, त्यामुळे ती कुणाविरुद्धही दाद मागू शकत नाही.

ही केवळ पैशांची गोष्ट नाही. आमच्या केंद्रावर मार खाऊन आलेल्या बाईला आम्ही जे प्रश्न विचारतो त्यात एक असतो: स्वतःच्या कमाईवर राहता येईल का? छावणीतलं घर नवऱ्याच्या नावावर, बँकेतला पगार नवऱ्याचा, शेजार नवऱ्याच्या युनिटचा, तक्रार करायची तर नवऱ्याच्या वरिष्ठाकडे. तिचं स्वतःचं म्हणता येईल असं एकच असतं, तिचं शिक्षण. तेही त्या राज्यात चालत नसेल तर ती दाराबाहेर पाऊल कशाच्या जोरावर टाकणार?

आणि नवरा कामी आला तर? तेव्हा समारंभ होतो, ‘वीरनारी’ म्हणून शाल दिली जाते, मंत्री येतात. क्वार्टर ठरावीक मुदतीत रिकामं करावं लागतं. पस्तिसाव्या वर्षी बाई नोकरी शोधायला निघते तेव्हा तिला विचारतात, “मधल्या दहा वर्षांत काय केलंत?” काय सांगायचं तिनं? त्या दहा वर्षांत तिनं देशाच्या चार कोपऱ्यांत बिऱ्हाडं थाटली आणि मोडली. त्याचा दाखला कोण देणार?

हे ‘त्यांचं’ नव्हे, आपलं काम

आता थोडं आपल्या स्वतःबद्दल. आपल्या संघटनांनी हा प्रश्न आजवर हातात का घेतला नाही?

एक कारण मी प्रामाणिकपणे सांगते. लष्कर म्हटलं की आपल्या चळवळीला दुसरं काही आठवतं, आणि ते आठवायलाच हवं. १९९१ मधलं काश्मीरमधलं कुनान-पोशपोरा आठवतं. २००४ च्या जुलैत मनोरमाच्या मृत्यूनंतर इंफाळच्या कांगला किल्ल्यासमोर मणिपूरच्या आयांनी केलेलं ते निर्वस्त्र निदर्शन आठवतं. आपण त्या बायकांबरोबर उभ्या राहिलो, पुढेही राहू. पण म्हणून नायकाची बायको म्हणजे लष्कर नव्हे. तिला कुठल्याही हुकुमावर सही करायचा अधिकार नाही. बाईची ओळख तिच्या नवऱ्याच्या नोकरीवरून ठरवू नका, असं आपण जगाला सांगतो. मग इथं आपणच तिला नवऱ्याच्या गणवेशात का पाहतो?

दुसरं कारण, हा प्रश्न ‘साहेबांच्या बायकांचा’ आहे असा आपला समज. सैनिकांच्या पत्नींची संघटना १९६६ पासून आहे, आणि तिची अध्यक्ष लष्करप्रमुखांची पत्नी असते. तिथली उतरंड नवऱ्याच्या हुद्द्यावरून ठरते. तिथून कल्याणकार्य होईल, शिवणवर्ग होतील, मेळावे होतील. नवऱ्याच्या वरिष्ठाच्या बायकोसमोर उभं राहून “माझा हक्क कुठं आहे?” असं विचारणं मात्र जवानाच्या बायकोला जमणार नाही. तो प्रश्न बाहेरूनच विचारावा लागेल. आणि आज सातारा-कोल्हापूरच्या गावागावांतल्या जवानांच्या घरांत जीएनएम, बी.एड., डी.फार्म. झालेल्या सुना आहेत. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. कोल्हापूरहून तिथं जायला दोन-अडीच तास लागतात, पण मध्ये राज्याची हद्द आहे. तेवढी ओलांडली की नोंदवही बदलते.

तिसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ही मागणी ‘त्यागाचं बक्षीस’ म्हणून मांडायची नाही. पती देशासाठी लढतो म्हणून पत्नीला सवलत, ही भाषा गोड आहे आणि घातक आहे. त्यात बाईचा हक्क पुन्हा नवऱ्याच्या कर्तबगारीला बांधला जातो. उद्या घटस्फोट झाला तर सवलत गेली. कुठलाही व्यवसाय करण्याचा आणि देशात कुठंही राहण्याचा हक्क घटनेच्या एकोणिसाव्या कलमानं तिला नागरिक म्हणून दिला आहे, नायकाची बायको म्हणून नाही.

मग सैनिकांच्या बायकांपासून सुरुवात का? कारण त्यांच्या बाबतीत सरकारला तोंड लपवता येत नाही. बदलीचा हुकूम सरकारचाच, तारीख सरकारचीच, आणि अडथळाही सरकारनंच उभा केलेला. पण तिथं थांबायचं नाही. २०२०-२१ च्या सरकारी पाहणीप्रमाणे देशातल्या सुमारे ४८ टक्के स्त्रिया स्थलांतरित आहेत, आणि त्यांच्यातल्या जवळजवळ ८७ टक्के लग्नामुळे हललेल्या आहेत. आपल्याकडे बाई लग्न करते म्हणजे बहुधा गाव सोडते, कधी राज्यही सोडते. तेव्हा परवाना राज्याला जखडून ठेवणारा प्रत्येक नियम वरवर सगळ्यांना सारखा दिसला, तरी त्याचा भार बाईवर पडतो.

अमेरिकेत काय झालं

हा प्रश्न आपल्याच देशात आहे असं नाही. अमेरिकेत पन्नास राज्यं आणि प्रत्येकाचे परवाने वेगळे. तिथं नर्स, शिक्षिकाच नव्हे, केस कापणारीलाही राज्याचा परवाना लागतो. २०१२ मध्ये तिथल्या अर्थ आणि संरक्षण खात्यांनी मिळून एक अहवाल काढला. नोकरी करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या सैनिक-पत्नींतल्या सुमारे ३५ टक्के अशा व्यवसायांत होत्या ज्यांना परवाना किंवा प्रमाणपत्र लागतं, आणि वर्षभरात राज्य बदलण्याची त्यांची शक्यता इतरांच्या दहापट होती. त्यानंतर एकेका राज्यानं नियम सैल केले. नव्या परवान्याच्या खर्चापोटी हजार डॉलरपर्यंत परत देण्याची सोय झाली. आणि जानेवारी २०२३ मध्ये देशपातळीवर कायदा झाला, की सैनिकाच्या जोडीदाराचा एका राज्यातला चालू परवाना बदलीच्या काळापुरता नव्या राज्यात मानला जाईल. गंमत म्हणजे त्यातून वकिलीचा परवाना वगळला.

त्यांचं सगळं आलबेल झालं असं मुळीच नाही. मुलं सांभाळायची सोय नाही, बदल्या थांबत नाहीत, त्यामुळे तिथल्या सैनिक-पत्नींतली बेकारी तिथल्या सर्वसाधारण बेकारीपेक्षा पुष्कळ जास्तच राहिली आहे. पण दोन धडे घेण्यासारखे आहेत. एक, मोजणी झाल्यावरच प्रश्न दिसला. दोन, अॅरिझोनासारख्या राज्यानं २०१९ मध्ये राहायला येणाऱ्या सगळ्यांनाच बाहेरचा परवाना मान्य करायचं ठरवलं. म्हणजे सैनिकांपासून सुरू झालेली वाट सगळ्यांपर्यंत नेता येते.

दोन आक्षेप

पहिला: रुग्णाच्या सुरक्षेचं काय? त्याचं उत्तर त्या नर्सिंग होमनं दिलं आहे. नोंदणी अडवल्यानं अपात्र बाई कामावरून दूर राहत नाही, पात्र बाई बेनामी काम करते. काही चूक झाली तर जबाबदार कोण, हेही कुणाला सांगता येत नाही. आम्ही परीक्षा रद्द करा म्हणत नाही, नोंदवही बंद करा म्हणत नाही. एकदा तपासलेलं पुन्हा पुन्हा तपासू नका म्हणतो. भाषेचा मुद्दा खरा आहे. रुग्णाची, मुलाची भाषा यायला हवी. त्यासाठी मुदत द्या, वर्ग काढा. फौजी बायकांनी आजवर किती भाषा शिकून घेतल्या आहेत ते छावणीच्या बाजारात एकदा जाऊन ऐका.

दुसरा आक्षेप आपल्याच मैत्रिणींचा असेल: बाहेरच्या आल्या तर स्थानिक मुलींच्या जागा जातील. आम्ही राखीव जागा मागत नाही. रांगेत उभं राहण्याचा हक्क मागतो. आणि निम्म्या पगारावर राबणारी बेनामी ‘मदतनीस’ स्थानिक नर्सचाही पगार पाडते. ती नोंदवहीवर आली तर दोघींचा भाव टिकेल.

आमच्या मागण्या

१. एका राज्यात चालू नोंदणी असलेली नर्स, फार्मासिस्ट किंवा अन्य व्यावसायिक दुसऱ्या राज्यात आली, की अर्जाची पोच हाच तिचा तात्पुरता परवाना मानावा. परिषदेनं तीस दिवसांत पडताळणी करावी. न केल्यास नोंदणी झाली असं समजावं.

२. पडताळणीचा कागद एका परिषदेनं दुसरीकडून मागवावा, बाईला हेलपाटे घालायला लावू नये. नोंदणी हलवायला फी घेऊ नये. वकिलांना जे १९६१ पासून कायद्यानं आहे, ते नर्सला का नको?

३. राज्यांनी एकमेकांची शिक्षक पात्रता परीक्षा मान्य करावी. भाषेची परीक्षा नेमणुकीनंतर दोन वर्षांत घ्यावी. अधिवासाची अट काढावी.

४. राज्य सरकारच्या आणि जिल्हा परिषदेच्या नोकरीतल्या स्त्रियांना पतीच्या बदलीच्या काळात दुसऱ्या राज्यात प्रतिनियुक्ती मिळावी. ती शक्य नसेल तर मूळ जागेवरचा हक्क आणि सेवाज्येष्ठता राखावी.

५. बदलीमुळे पडलेला खंड वयाच्या आणि अनुभवाच्या अटीत धरू नये.

६. यातली प्रत्येक सोय विधवा, घटस्फोटित आणि छळामुळे घर सोडलेल्या स्त्रियांनाही मिळावी, आणि ठरावीक मुदतीत ती राज्य बदलणाऱ्या प्रत्येक स्त्रीला लागू व्हावी.

काम सुरू करायचं तर उद्यापासून करता येईल. आपल्याकडे येणाऱ्या फौजी, निमलष्करी, रेल्वे आणि बँकांतल्या बदलीच्या घरांतल्या बायकांना चार गोष्टी विचारून टिपून ठेवा: अर्ज कधी केला, नोंदणी कधी मिळाली, खर्च किती आला, मधल्या काळात काय काम केलं आणि कुठल्या नावाखाली. राज्य परिषदा कायद्यानं स्थापन झालेल्या आहेत, म्हणून २००५ च्या माहिती अधिकाराखाली त्यांना विचारा, की गेल्या तीन वर्षांत बाहेरच्या राज्यांतून किती अर्ज आले आणि प्रत्येकाला किती दिवस लागले. तीस दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. आपल्यासारख्या दहा गटांनी दहा राज्यांत हा अर्ज टाकला, तर जो आकडा आज कुणाकडे नाही तो वर्षभरात आपल्या हातात असेल.

ती बाई आमच्याकडे आल्यावर आम्ही तिच्यासाठी तिसऱ्यांदा पत्रव्यवहार सुरू केला. नोंदणी झाली. पण त्याआधी पंधरा दिवस नवऱ्याच्या नव्या बदलीचा हुकूम आला होता. ती पेढे घेऊन केंद्रावर आली, कागद दाखवला आणि विचारलं, “ताई, आता तिकडं गेल्यावर हा चालेल का?”

मी तिला हो म्हणू शकले नाही. पुढच्या बाईला म्हणता यावं, म्हणून हे लिहिलं आहे.